पोंटून क, जागा बावीस

सकाळी सातला देओलिंदा गुडघ्यांवर बसते
आणि दोर ओढते.
दोर यायला राजी नसतो.
गेल्या मंगळवारी मनगटाएवढा होता, आज मांडीएवढा:
ओल्या शेवयांचा भारा,
काचेसारखा आरपार,
बोटांतून निसटणारा, पुन्हा बोटांनाच लोंबणारा.

"हे शेवाळ नाही, दोना देओलिंदा,"
नोएमिया म्हणाली होती. विद्यापीठातली पोर,
पायात भावाचे गमबूट.
"प्राणी आहेत. हजारो.
हा एकेक दाणा म्हणजे एकेक घर.
दारातून आठ धाग्यांचा मुकुट बाहेर येतो,
पाणी चाखतो,
जरा धक्का लागला की आत."

देओलिंदानं भिंग डोळ्याला लावलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "म्हणजे मी आलेली यांना कळते."

कुठून आले, या रकान्यात
नोएमियाच्या वहीत दोन समुद्रांची नावं आहेत
आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.
पोहत आलेले नाहीत, एवढं नक्की.
होर्तात शिडाच्या होड्या थांबतात,
पाणी भरतात, पाव घेतात,
निघताना धक्क्याच्या भिंतीवर आपलं नाव रंगवतात;
न रंगवता निघालं तर वाटेत दर्या सूड घेतो म्हणे.
यांनी काही रंगवलं नाही.
हे निघालेच नाहीत.

ज्वालामुखी फुटला त्या वर्षी
छपरावर कमरेइतकी राख होती.
आत्या अल्मेरिंदा अमेरिकेला गेली
ती झग्याच्या दुमडीत पालेकोबीचं बी शिवून.
तिकडच्या बंदरात पेटी उघडली, उशा उसवल्या,
झगा कुणी उलटला नाही.
पुढे फोटो यायचे: बर्फ, मोटार, मोटारीमागे
माणसाच्या उंचीचा कोबी.
देओलिंदाला हे आत्ता का आठवावं?
ती दोर पिळते.

मागच्या उन्हाळ्यात कार्यालयातून हुकूम आला, खरवडा.
चार माणसं, तीन दिवस, पत्र्याची खोरी.
पाणी स्वच्छ दिसलं. साहेबांनी फोटो काढला.
आणि जे तुकडे तुटून वाहत गेले
ते समोरच्या बोयांवर, पायऱ्यांवर,
पुतण्या ईव्होच्या होडीच्या पोटाखाली
नव्यानं संसार मांडून बसले.
हिवाळ्यात सगळं मेलं. तपकिरी चार दोरे राहिले.
लोक म्हणाले, गेलं.
जूनमध्ये देओलिंदाचे गुडघे पुन्हा दुखायला लागले.

आता दोर वर काढून उन्हात टाकायचे, असं ठरलंय.
वास येतो. पर्यटक नाकाला रुमाल लावून पीकूचा फोटो घेतात,
डोंगराच्या डोक्यावर ढग असला तर थांबून राहतात,
आणि वास सोसतात.

जागा बावीसवर ब्रेतान्यचा म्हातारा, एर्वान.
उद्या पहाटे आयर्लंडला निघणार.
त्याच्या होडीखाली दाढी लोंबतेय, तीच.
क्रेननं उचल, ती म्हणाली.
दोनशे साठ युरो, तो म्हणाला, आणि हसला,
वाईट माणूस नव्हता, पैसेच नव्हते.

दुपारी ती पोंटूनवर पालथी पडली,
एका हातात लांब दांड्याचं खोरं,
दुसऱ्यात, खाली धरलेली, कांद्याची बारीक जाळी.
हात पोचला तिथवर काढलं.
मग एर्वाननं होडी वळवून दिली नाही,
त्याला झोप लागली होती.
पहाटे होडी गेली,
एक बाजू घासलेली, एक बाजू तशीच.

त्याच रात्री बाहीला चिकटून एक तुकडा
तिच्या स्वयंपाकघरात आला.
मीठ पाण्यात किती घालायचं तिला माहीत नव्हतं,
म्हणून ती बरणी घेऊन उतरली आणि धक्क्यावरचंच पाणी आणलं.
बरणी दिव्याजवळ. नोएमियाचं विसरलेलं भिंग.
सकाळी किटलीतलं उकळतं पाणी यावर ओतायचं,
हे तिचं तिला ठाऊक आहे.

एक मुकुट उघडला. मग शेजारचा. मग खूप.
तिचा गुडघा टेबलाला लागला.
सगळे आत.

देओलिंदा पाय आखडून घेते,
आणि वाट बघत बसते.