बाही सैल

तीन वाजून दहा मिनिटं.
घड्याळ बघावं लागत नाही.
मार्केट यार्डाकडे निघालेला टेम्पो कोपऱ्यावर गिअर बदलतो
आणि माझ्या छातीखाली कुणीतरी
इस्त्री ठेवून विसरून जातं.
आधी मान. मग कानांच्या पाळ्या. मग टाळू.
डिसेंबर आहे. पेपरात गुलाबी थंडी आहे.
श्रीधर दोन गोधड्यांत, डोक्याला मफलर.
मी गॅलरीत, गाऊनची दोन बटणं सोडून
कठड्याच्या लोखंडाला गाल लावून उभी.

पाळी गेली त्याला अकरा वर्षं झाली.
गेली ती अशी, की भाडेकरूनं जागा सोडावी
आणि सामान न्यायला कधी येऊच नये.

पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, दोन वर्षं, फार तर तीन.
वैद्यांनी शतावरी दिली, दुधातून,
आणि माझी लसणाची चटणी बंद केली.
जाऊबाई म्हणाल्या, मन रमव, भजनी मंडळात ये.
गेले.
घामानं हातातला टाळ निसटला,
थेट पेटीवाल्या काकूंच्या पायावर.
होमिओपॅथीच्या साबुदाण्यांचा फायदा झाला, नाही म्हणू नये.
त्या बाटल्यांत मी आता हुक ठेवते.

दुपारी एक ते चार आमची नारायण पेठ मिटते.
मीही पाटी लावते: बंद म्हणजे बंद.
हिला वाचता येत नाही.

चौतीस वर्षं ब्लाऊज शिवतेय.
जिन्याखालची जागा, दोन मशिनं, एक पंखा.
वयं चोरतात बायका, टेपला काही चोरता येत नाही.
वहीत मागची पानं चाळते:
बागवान भाभी, बाही सैल.
पटवर्धन, गळा मागून मोठा, अस्तर नको.
लोंढे बाई, रेशीम नको, आता सुतीच.
सगळ्यांची पन्नाशी उलटलेली.
मी लिहून घेत होते इतकी वर्षं,
वाचत नव्हते.

लोंढे बाई शाळेच्या हेडमास्तरीण होत्या.
मी काखेखालून टेप घेतला आणि त्या थांबल्या.
वरच्या ओठावर दव.
नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे,
जणू आजची तिथीच महत्त्वाची.
मी काही न बोलता पंखा त्यांच्याकडे वळवला.
"तुलाही?" म्हणाल्या.
अडतीस इंचांवर टेप तसाच धरून
आम्ही दोघी हसलो,
मग एकीला रडू आलं. कुणाला ते सांगत नाही.
मापाच्या चिठ्ठीमागे त्यांनी एक नाव लिहून दिलं.

कर्वे रोडला, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर.
तिनं विचारलं, रात्री किती वेळा उठता?
आकडा कुणी कधी मागितला नव्हता.
सात, म्हटलं. कधी आठ.
तिनं लिहून घेतलं. मीही असंच लिहून घेते, मान खाली घालून.
मग आईला काय झालं होतं, बीपी, छातीचा फोटो.
हार्मोनला आता तुमच्यासाठी उशीर झालाय, म्हणाली,
पण दुसरी गोळी आहे. बघू.
इतकी वर्षं का थांबलात?
थांबले कुठे, बाळा.
प्रत्येक रांगेत उभी होते.
खिडकी वेगळीच निघाली.

जादू झाली नाही.
पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ.
मग सातच्या पाच, मग चार.
खडूनं मशिनच्या फळीवर रेघा मारते, सकाळी पुसते.
परवा एक नवीन बाई आली, दाराशीच घुटमळत,
जरा सैल ठेवा हं, म्हणाली.
मी पंखा वळवला. टेप गळ्यातच राहू दिला.
रात्री किती वेळा, विचारलं.

आज टेम्पोनं गिअर बदलला.
सवयीनं डोळा उघडला. वाट पाहिली.
मान कोरडी.
बराच वेळ पडून राहिले, फसवत असेल म्हणून.
मग पावलांपासून काहीतरी वर यायला लागलं,
ओळखूच येईना.
थंडी.
श्रीधरची एक गोधडी ओढली.
झोपेतही सोडेना मेला.