एक हात अलीकडे

नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं
कागद उजेडाला धरून मी खोट शोधली.
निवृत्तीनंतर वाट्याला आला हा रिसीव्हर,
मेहुण्यानं सत्त्याऐंशी साली मस्कतहून आणलेला.
चांदीसारखं तोंड, दोन्हीकडे लाकडी गाल,
आणि वजन असं, की उचलताना
कमरेनं हिशेब मागितला.

झाकण काढलं तर आत पालीची दोन अंडी.
ती वाटीत कापसावर ठेवली.
फिरत्या पात्यांतली धूळ
नातीच्या रंगाच्या ब्रशनं झाडली,
डायलची दोरी ओवली, तीनदा चुकून.
दिवा लागला. काटा हलला.
आणि घरभर खरखर,
जेल रोडवर कुणीतरी दिवसभर वाळू चाळतंय तशी.

इक्बालभाईंनी पेटीला कान लावला.
"साहेब, ही बहिरी नाही. हिला कानच नाही."
जुन्या टीव्हीची चपटी वायर घ्या म्हणाले,
दोन हात पसरा तिचे, पाऊण-पाऊण मीटरचे,
आणि मनोऱ्याकडे छाती करून आडवी बांधा.

मनोरा कुठंय?
रिक्षावाला म्हणाला, पांडवलेणीकडं.
पोस्टमन म्हणाला, छे, गंगापूर रोडला.
भाजीवाली म्हणाली, माझा तर मोबाइलमध्येच लागतो.

मग वायर घेऊन मीच फिरलो घरभर :
खिडकी, कपाट, पडद्याची कांब.
हात लावला की गाणं, सोडला की वाळू.
बायको म्हणाली, "मग उभेच राहा तिथं,
ताट आणून देते."

शेवटी गच्ची. एक वेळूची काठी, काळी टेप,
आणि मंगळवारी सकाळी काटा
तीन, साडेतीन, पाच.
लाल ठिपका पेटला : स्टिरिओ!
डावीकडे तबला, उजवीकडे सारंगी,
आमच्या एवढ्याशा बैठकीत
मध्ये चक्क मोकळी जागा.

शुक्रवारी पुन्हा वाळू.

वर गेलो. काठी तीच, गाठ तीच.
मग दिसलं : शेजारच्या गच्चीवर पगारबाईंनी
कपड्यांची लोखंडी तार
एक हात पलीकडे सरकवली होती.
म्हणजे तीन दिवस मी मिशीला पीळ देत होतो
ते माझ्या काठीचं कर्तृत्व नव्हतंच.
बाईंच्या तारेवर आपटून परतलेलं
आमच्या वायरीत पडत होतं,
ओल्या चादरींच्या आडून.

टाकीच्या पाइपावरून भांडण झाल्यापासून
आम्ही बोलत नव्हतो. तरी गेलो.
"तार जरा एक हात अलीकडे घ्याल का?"
"का? मिरच्यांवर सावली पडते तुमच्या?"
"नाही. रेडिओ लागत नाही."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं
जसा मी संशयित नोटेकडे पाहायचो,
जवळजवळ उजेडाला धरून.

दुसऱ्या दिवशी तार जागेवर.
मागून नातवाकरवी निरोप :
सकाळचं शेतीचं मोठ्यानं लावा म्हणावं,
निफाडला भावाची द्राक्षं आहेत.

ढग आले की लाल ठिपका अजून लुकलुकतो.
मग मी मोनोचं बटण दाबतो.
तबला-सारंगी एकाच सतरंजीवर सरकून बसतात,
खरखर निम्मी होते, भुरीवरचं औषध
पगारबाईंच्या जिन्यापर्यंत स्पष्ट पोचतं.

काल वाटीतलं एक अंडं फुटलेलं दिसलं, रिकामं.
पिल्लू गेलं कुठं, कोण जाणे.
झाकण उघडून पाहायला हवं खरं तर.
पण आत्ता नको.
इतकं स्वच्छ लागलंय.