रिकाम्या मुठीचं वजन

गोळीबार चौकातून आत, हातपंपाला लागून
हेडाऊ मास्तरांची खोली.
मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत,
पोरामागे आठ आणे घेऊन
शाळाशाळांतून जादू दाखवणारे.
त्याआधी वीस वर्षं सुती लुगडी विणणारे.

मी गांधीबागेत बटनांच्या दुकानात.
दुपारी दोनला शटर अर्धं ओढून
लुनावर त्यांच्याकडे जायचो
एक नाणं नाहीसं करायला.

नाणं दहा पैशाचं, लाटदार कडांचं.
"चलनातून सरकारनं गायब केलं," मास्तर म्हणाले,
"हातातून तू कर."
अंगठ्याच्या मुळाशी, जिथं त्यांच्या हाताला
धोट्याचा घट्टा होता,
तिथं त्याला झोपवायचं.
मेच्या उन्हात तळवा घामेजला
की ते आपणहून चिकटून राही.
डिसेंबरात खरी परीक्षा.

पहिले पंधरा दिवस माझा उजवा हात
चोरासारखा दिसायचा.
बोटं ताठ, करंगळी उभी.
"काहून बे, लकवा मारला का?"
मास्तर चहात बिस्कुट बुडवत म्हणायचे.
"ज्या हातात चोरी हाय तो हात इसरून जाय.
नाक खाजव त्याच्यानं. माचिस माग.
अन् डाव्या मुठीत जे नाही
त्याचं वजन धर."

वजन कसं धरायचं?
त्यांनी खरोखरच नाणं ठेवलं माझ्या डाव्या हातात.
शंभरदा ठेवलं.
मग शंभरदा ठेवलं नाही.
"दोन्ही बार मनगट सारखंच खाली गेलं पाह्यजे."

आणि मूठ लगेच उघडायची नाही.
काहीतरी बोलायचं मध्ये:
बर्डीवर आज पाय ठेवायला जागा नव्हती,
यंदाचा मृगबहार आंबटच निघाला.
नाणं तिथं आहे, ही गोष्ट
लोकांच्या डोक्यात शिळी होऊ द्यायची.
मग बोटं उलगडायची, करंगळीपासून.
"आता नाही होत गायब," मास्तर सांगायचे,
"गायब तर कवाच झालं.
आता फक्त लोकायले कळते."

खोलीच्या मधोमध फरशीचा रंग जरा वेगळा.
तिथं खड्डामाग होता.
माग भंगारात गेला त्या साली
मास्तरांनी खड्ड्यात मुरूम भरला, ठोकला,
वर शहाबादी घातली.
एवढी सपाट, की गोटी ठेवली तर हलत नाही.

सुगंधाबाई चहा घेऊन स्टोकडून येताना
सरळ येत नाहीत.
भिंतीला खेटून, पदर आवरून,
नसलेल्या खड्ड्याला वळसा घालून येतात.
अकरा वर्षं झाली.
बशीत थेंब सांडत नाही.

एकदा मी हसलो.
मास्तर हसले नाहीत.
"पाह्य," म्हणाले, "एवढा मोठा माग.
चार माणसं लागली उचलायले,
साऱ्या मोहल्ल्यानं जाताना पाह्यला.
अन् मले जमलं नाही.
नाण्याचं सोपं हाय, बे."

निघताना चपला घालायला वळलो
तर मीही भिंतीकडूनच गेलो.

परवा दुकानात
एका गिऱ्हाइकाच्या पोरीसमोर
शिंपल्याचं बटन नाहीसं केलं.
नीट जमलं. मनगट खाली गेलं,
आंबट संत्र्यांचं बोलून झालं,
बोटं करंगळीपासून उघडली.
पोरीनं माझा डावा हात पालथा करून पाहिला,
मग रिकाम्या तळव्यावर बोट दाबून ठेवलं
आणि म्हणाली, "इथं गरम आहे."

तिच्या आईनं विचारलं, किती झाले.
मी पेन घ्यायला
उजवा हात पुढं केला.
बटन काउंटरवर पडलं,
घरंगळत कडेपर्यंत गेलं,
आणि तिथंच थांबलं.