हद

गर्लगुंजीत गुरांच्या दवाखान्याखाली
चार फूट भराव घालायचा होता.
माती तळ्यातली. तांबूस, चिवट,
फावड्याला धरून बसणारी.

पट्टणशेट्टींनी सकाळीच आणून उभा केला
गुळगुळीत चाकाचा, थरथरणारा रोलर.
ओळखीतला. स्वस्तातला.
"दोन दिवसांत तबल्यागत वाजतंय बघा जोतं, बाई."

वाजलं.
चार फेऱ्यांत वरचा पापुद्रा असा चकाकला
की बसलिंगनं वाकून त्यात मिशी बघितल्यागत केलं.
मी सळई खुपसली.
बोटभर कडक,
आणि मग, फुगलेल्या भाकरीच्या पोकळीत बोट जावं
तशी गेली आत.

वाळू हलवली की बसते.
चिकणमातीच्या पोटात पाणी आणि हवा
गुंतून बसलेले, थरथरीला दाद देत नाहीत.
तिला मळावं लागतं.
डिप्लोमाला यावर पाच मार्कांचा प्रश्न असायचा.
मला त्याआधीच माहीत होतं:

खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात
माझा बाप, मष्णू,
गुडघ्याएवढ्या गाऱ्यात एका लयीत टाचा रोवायचा.
शनिवारी मी डबा घेऊन गेले की
थांबायचा नाही, चालता चालताच म्हणायचा,
"बडवून काय हुतंय गं?
टाच रुताय पायजे. मग हळूहळू वर याय पायजे."
त्याच्या टाचांच्या भेगा शेवटपर्यंत तांबड्या.
तिरडीवर बांधतानाही.

मी गोकाकला फोन लावला. मेंढीपायाचा रोलर हवा.
लोखंडी पिंप, अंगभर खूर.
"दोन दिवस खाडा, वर भाडं. कोण देणार?"
"फरशी फुटल्यावर कोण देणार?"
पट्टणशेट्टी गप्प बसले.
त्याला होकार म्हणत नाहीत,
पण मी रजिस्टरात होकार लिहिला.

आठ इंचांचा थर पसरला, रात्री टँकर फिरवला.
सकाळी बसलिंगनं मूठभर माती आवळली, उघडली.
"इन्नू हद बंदिल्ल, अक्का."
मला ऐकू आलं: हद्द.
या भागात तो शब्द कानावर आला की
माणसं आधी पाट्यांकडे बघतात,
मग एकमेकांकडे.
तो हसला. तळहात पुढे केला, चकाकणारा, ओला.
"हद्द न्हवं, अक्का. हद."

त्यांच्या मातीला हद येते, आमच्या मातीला वापसा.
माती तीच. गोळा आवळला तर टिकावा,
छातीएवढ्या उंचीवरून सोडला तर दोन-तीन तुकडे व्हावेत,
पीठ नको, चिखलाची थापही नको.
आम्ही उन्हात फावड्यानं ती उलटत राहिलो.
चहा झाला. जेवण झालं. पट्टणशेट्टी येऊन गेले.

तीन वाजता आली.

पहिल्या फेरीला रोलर पोटापर्यंत रुतला.
दुसरीला तसाच.
पाचवीला पिंप मातीतून सुटू लागलं,
आणि आठवीला तो निव्वळ खुरांवर उभा,
नुकतं जन्मलेलं वासरू
अंग सावरत उठतं तसा.
खालून वर घट्ट होत आलेली माती
त्याला उचलून धरत होती.

भिंतीलगत तो पोचत नव्हता. तिथं उड्या मारणारा रॅमर,
चार-चार इंचांचे थर.
मोरीच्या पाइपाजवळ रॅमरही बसेना.
तिथं निंगव्वानं लाकडी धुम्मस घेतली,
पदर खोचला, आणि तासभर कुणाशी बोलली नाही.
नमुने काढले. पंचाण्णव टक्के हवे होते.
रोलरखाली शहाण्णव. तिच्या कोपऱ्यात अठ्ठ्याण्णव.
तक्त्यात यंत्राच्या नावाचा रकाना होता.
मी बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं: निंगव्वा.
वरच्या साहेबांनी त्याभोवती लाल गोल केला आहे.

आठ थर. अकरा दिवस.
जादा भाड्याचं बिल अजून बेळगावात फिरतंय.

शेवटच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी चप्पल काढली,
खुराच्या एका खळग्यात टाच ठेवली,
सगळा भार दिला.

रुतली नाही.