चिंचोका

बिराजदार सरांनी पास होऊन जाताना
हाडांचा अर्धा संच मला अठराशेला विकला,
ज्वारीच्या कट्ट्यात बांधून.
रिक्षावाल्याला मी म्हटलं, ज्वारी आहे.
कट्टा उचलून तो म्हणाला,
लई हलकी बे तुझी ज्वारी, दुष्काळातली का?

दाजी पेठेत, येमूलांच्या माडीवर
माझ्या कॉटखाली ते गृहस्थ राहू लागले.
अर्धे म्हणजे: कवटी, एका बाजूच्या बरगड्या,
एक पाय, तातावर ओवलेला एक हात.
नाव नाही. खालच्या दातांवर पानाचा डाग.

एप्रिल. पत्र्याखाली त्रेचाळीस अंश.
खाली चौदा माग रात्रभर खटखटायचे
आणि त्या ठेक्यावर मी पाठ करायचो:
कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे रुततो,
कोणती नस त्याला हाक मारते.
सकाळी ठेका राहायचा, नावं जायची.

एकदा डिसेक्शनहून परतलो,
फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत होते.
कट्टा सुटलेला.
नरसुबाई जमिनीवर मांडी घालून,
पुढ्यात विड्यांचं सूप,
सुपात, तेंदूच्या पानांवर, तो हात.

गेली खोली, म्हटलं.
आता गोमूत्र, आता गल्ली गोळा होणार.

त्या म्हणाल्या, उजवा हाय ना हा?

मला चार दिवस लागले होते ते ओळखायला.
त्यांनी फक्त आपला हात शेजारी ठेवला होता.

मग मोजलं. पंचवीसचा कट्टा बांधणारी बोटं,
मोजायला वेळ लागत नाही त्यांना.
सव्वीस.
सत्तावीस पाहिजेत, मी म्हणालो.
एक कमी म्हणजे छाट. कारखान्यात घेत नाहीत.
थोडं थांबून: मग यांच्या हातात एकवीस.
अंबादासकाका दारात उभे होते,
तीन बोटांत चहाचा पेला धरून.
ते तेलुगूत काहीतरी बोलले,
दोघंही इतकं हसले
की मला विचारता आलं नाही.

नसलेलं हाड पिसिफॉर्म. वाटाण्याएवढं,
मनगटात, करंगळीच्या मुळाशी.
त्यांच्याच हातावर दाखवलं, दाबून, हलवून.
हे होय, त्या म्हणाल्या,
भाकरी थापताना हेच लागतं परातीला.
उठल्या, फडताळातून चिंचोका आणला,
सुई तापवून भोक पाडलं
आणि विडीच्याच दोऱ्यानं ओवला जागेवर.

जाताना जिन्यात वळून म्हणाल्या,
डॉक्टर, रात्रीचं बोटं झोपतात माझी.
अंगठा, हे, हे.
आणि हे अर्धंच.
अर्धं झोपतंय, अर्धं जागं.
यांना सांगितलं तर म्हणतात, बोट काय अर्धं झोपतं?

पुस्तकात ती रेघ मी तीनदा वाचली होती,
अनामिकेच्या मधोमध जाणारी,
इकडची बाजू एका नसेची, तिकडची दुसरीची,
आणि मनात म्हटलं होतं,
चित्र काढणाऱ्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

सिव्हिलला दाखवा, मी म्हणालो.
कारखाना बंद असतो रविवारी, त्या म्हणाल्या.
सिव्हिलपण.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमका हातच पुढे केला.
मी अनामिकेवरून बोट फिरवत सांगितलं,
इथपर्यंत झोपतं, इथून पुढे जागं राहतं.
सर चष्म्यावरून बघत राहिले.
मार्क बरे पडले. फार नाही.

पुढच्या वर्षी संच मी
लातूरच्या एका मुलाला विकला, अठराशेलाच,
कट्टाही तोच.
त्यानं माझ्यासमोर हात मोजला,
सत्तावीस भरले.
मी काही बोललो नाही.