दोन मिनिटं

वाशीत, स्टेशनपलीकडच्या काचेच्या इमारतीत
सातव्या मजल्यावर घड्याळ काढून घेतात,
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलायला लावतात,
मग बोटाचा ठसा.
माझं बोट दोनदा उमटलं नाही.
'सारखं सॅनिटायझर लागतं,' मी म्हणाले, 'नर्स आहे.'
मशीनवरची पोरगी हसली.
ही तिसरी खेप, हे तिला स्क्रीनवर दिसत असणार.

लेखनात दोन्ही वेळा साडेसहा.
सात हवेत.
अर्ध्या गुणाची ही साडेसाती
दर वेळी सतरा हजार घेते,
आयसीयूतल्या रात्री मोजून मी ते भरते.

हेडफोनमध्ये कुणी बाई लायब्ररीत खोली बुक करत होती,
आडनावाचं स्पेलिंग सांगत होती, सावकाश, दोनदा.
मढवीचं स्पेलिंग
आमच्या जमिनीच्या कागदांवर तीन तऱ्हांनी आहे.

वाचनात मधमाश्या.
प्रत्येक विधानापुढे लिहायचं:
खरं, खोटं, किंवा दिलेलं नाही.
या तिसऱ्या उत्तरात माझा गुण कधी जात नाही.
लोखंडी कपाटात बाबांची फाइल आहे
साडेबारा टक्क्यांची,
तिच्यावरच शिकले मी ते, लहानपणी.

लेखनाबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलंय.

मग ती छोटी खोली. समोर परीक्षक,
पांढऱ्या भुवया, मोज्यांच्या काठाशी घोट्यांवर सूज;
यांचं मीठ कमी करायला हवं, मनात आलं.
त्यानं कार्ड सरकवलं:
लहानपणच्या एखाद्या जागेचं वर्णन करा.
विचाराला एक मिनिट. बोलायला दोन.

मी पेन्सिलीनं लिहिलं: आगर. उघाडी. खाजण. निवट्या.
एकाही शब्दापुढे इंग्रजी आलं नाही,
आणि मिनिट संपलं.

'यूज्ड टू' वापर, क्लासचे तावडे सर सांगायचे,
परीक्षकांना आवडतं.
म्हणून म्हणाले, वी यूज्ड टू ग्रो सॉल्ट.
'ग्रो?'
भुवई वर गेली.
मेक म्हणायला हवं होतं, मला ठाऊक होतं.
पण मीठ बनवतात कारखान्यात.
करावे गावात ते पिकायचं.
भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं,
चिखल पायांनी तुडवून वाफे बसवायचे, मग थांबायचं,
आणि एखाद्या सकाळी पाण्यावर
दुधावर धरते तशी साय.
यातलं किती बोलले, किती नुसते हात हलवले,
आठवत नाही.

त्यानं विचारलं,
मग तुमच्या घरच्यांनी ती जागा का सोडली?

नाही सोडली, मी म्हणाले,
वी आर देअर ओन्ली.
(तावडे सरांनी कपाळावर हात मारला असता.)
घर तेच आहे, सर. उंबराही तोच.
तीन बाजूंनी टॉवर, चौथ्या बाजूला त्यांचं पार्किंग.
आम्ही हललो नाही.
समुद्र उठून गेला.

त्यानं काहीतरी लिहून घेतलं.
चूक होती की शब्द आवडला, कळायला मार्ग नाही.
'थँक यू,' म्हणाला, आणि यंत्र बंद केलं.

घरी आई ओट्याशी करंदी सोलत होती.
'क इचारला गो त्यानी?'
'आगराचं.'
'गोऱ्याला क करायचाय आगर?'
ती हसली. मग हात न थांबवता,
'पावसाआधी मीठ झाकायला लागतं, ता सांगितलास ना?'
नाही. वेळ संपली.
'नि रिझल्ट कवा?'

'तेराव्या दिवशी.'

तिचे हात थांबले.
'तेरा दिसांनी बोल,' ती म्हणाली.