पाणी उतरायला लागतं तेवढं

सोमवारी पहाटे टेम्पोतून शिशाचं भांडं येतं,
दिसायला शहाळ्याएवढं, उचलताना कंबर धरते.
आत आई आणि लेक. मॉलिब्डेनम, टेक्नेशियम.
आई सावकाश विरते, लेक रोज नव्याने जन्मते.
वरून सलाईन सोडलं की लेक तेवढी उतरते बाटलीत.
आम्ही म्हणतो, दूध काढलं.
आता या शब्दाला कोणी हसतही नाही.

पहिलं नाव: द्वारका खडपे, एकसष्ट, भाट्ये.
डाव्या स्तनात गाठ. वाटाण्याहून मोठी,
सुपारीहून लहान. ऑपरेशन साडेदहाला.
सुई टोचताना ती छताकडे बघत नाही,
माझ्या हाताकडे बघते,
बाजारात तराजूकडे बघावं तशी.

मी पाठ केलेलं सांगतो:
आज नातवाला मांडीवर घ्यायचं नाही.
पाणी भरपूर प्यायचं.
दर सहा तासांनी याचा जोर निम्मा होतो.

"सा तास? म्हंजे पानी उतराय लागतं तेवडंच."
हो, पण निम्मंच उतरतं, मावशी.
"मंग भांगाचं पानी म्हना. अष्टमीचं."
आणि पुढच्या सहा तासांत उरलेल्याचं निम्मं,
मग त्याचंही निम्मं.
ती बोटं मोडत हिशोब करते,
करंगळीपाशी थांबते.
"आनि ही सुकती परत भरत नाय?"
नाही.
"तसली सुकती बगितली नाय कवा."

कॅमेरा छातीजवळ सरकतो.
पडदा काळा, त्यावर एकेक ठिपका पडत जातो, घाई नसते.
आधी टोचलेल्या जागी मोठा थोरला उजेड.
मग बारा मिनिटं काहीच नाही.
(पहिल्यांदा हे काम करताना
या बारा मिनिटांत मला घाम फुटायचा.)
मग काखेकडे, वेगळा, एकटा, एक.
ती मान वळवून बघते.
"कोनाची होडी ती?"
मी म्हणतो, हलू नका.
मार्करने काखेत फुली मारतो.

तिसऱ्या कशा शोधता, मी उगाच विचारलं होतं.
"दिसत नाय. टाचंला कळतं.
चिखल जिथं जरा आखडतो ना,
तिथं बोटं घालायची."

साडेदहा. हिरव्या कापडात फक्त काख उघडी.
डॉक्टर नेवरेकर प्रोब टेकवतात,
पेनाएवढी दांडी, टोकाला बहिरी नसलेली कवडी.
टक्. टक्.
थोडं खाली. टक् टक्.
एसी बंद करा, ते म्हणतात, आवाज ऐकू येत नाही.
मग जिथं आवाज दाटतो तिथं
ते आकड्याकडे बघायचं सोडतात
आणि बोटं घालतात.

निळसर. राजम्याच्या दाण्याएवढी.
बाहेर काढून प्रोबवर धरली: अकराशे चाळीस.
काखेत परत प्रोब: नऊ.
गरम गाठ, असं आम्ही म्हणतो.
हाताला ती गार लागते.

तिच्यात काय आहे, ते मला विचारू नका.
माझं काम 'कुठे' एवढंच.
'काय' ते वरच्या मजल्यावर, काचेच्या पट्टीवर, आठ दिवसांनी.

संध्याकाळी पाचला वॉर्डात डोकावलो.
नातू दाराच्या चौकटीबाहेर, चपला हातात घेऊन उभा.
ती खाटेवरून त्याला सांगत होती,
"अजून येक सुकती. मंग ये."
हिशोब माझ्यापेक्षा कडक होता. मी दुरुस्त केला नाही.

खोली बंद करण्याआधी यंत्र तपासायचं असतं.
प्रोब हवेत धरला, कोणाकडेच न रोखता.
टक्.
जांभ्याच्या भिंतीकडे. टक्, टक्.
खिडकीतून खाडीकडे. बराच वेळ काही नाही,
मग टक्.
शून्य कधीच येत नाही.
वहीत तारीख घातली, आकडा लिहिला,
आणि पुढच्या रकान्यात, सवयीने: नॉर्मल.